नवं महिन्यात गार, जुनं अजून चालू: राजारामपुरीतल्या एका गेम झोनचं प्रकरण

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर हा गेम झोन आहे. मूळचा तो सायबर कॅफे. दिवसा ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, रेल्वेचं तिकीट आणि संध्याकाळी पोरांचे गेम असा धंदा होता. फॉर्मचं काम हळूहळू मोबाईलनं खाल्लं, गेम तेवढे राहिले. मालकांना लहानथोर सगळे अण्णा म्हणतात. मी तिथं मशीन आणि नेटवर्कचं काम बघतो. त्यामुळं कुठला गेम रोज उघडला जातो आणि कुठला नुसताच जागा अडवून बसलाय, हे मला हार्ड डिस्क साफ करताना आपोआप कळतं.

अण्णांची तक्रार जुनीच होती. "भाऊ, नवा गेम आणला की पोरं आठवडाभर उड्या मारत्यात. मग कुत्रं विचारत नाही. आणि ह्या जुन्यांना मरण नाही. असं का, ते इस्कटून सांग बघू. मला दिवाळीत पैसे घालायचेत."

प्रश्न धंद्याचा होता म्हणून मी तो मनावर घेतला. खोलीत तीन भाग आहेत. दारातून आत आलं की पुढची रांग: नवी मशीन, जाडजूड ग्राफिक्स कार्डं, रंगीत दिव्यांचे कीबोर्ड. मागची रांग जुनी, त्यातली काही मशीन सायबरच्या काळातलीच आहेत. कोपऱ्यात टीव्ही, प्लेस्टेशन, एक पीसी आणि मधोमध खचलेला सोफा. पैसा पुढच्या रांगेत गेला आणि गर्दी मागच्या रांगेत नि सोफ्यावर झाली.

मागच्या रांगेत काय चालतं, हे कोल्हापुरातल्या कुठल्याही कॅफेत बसलेल्या माणसाला सांगायला नको. काउंटर-स्ट्राइक 1.6, एज ऑफ एम्पायर्स 2, क्रिकेट 07, व्हाइस सिटी. सोफ्यावर फुटबॉल.

पहिला संशय अर्थातच आठवणींवर जातो. लहानपणी खेळलेलं माणसाला गोड लागतं, वगैरे. पण मागच्या रांगेत बसणारी निम्मी पोरं 1.6 आला तेव्हा, म्हणजे 2003 मध्ये, जन्मलीच नव्हती. त्यांना कसल्या आठवणी? दुसरा संशय असा की जुने गेम हलक्या मशीनवर चालतात म्हणून टिकतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. आडवारी दुपारी पुढची रांग रिकामी असते, अण्णा त्याच पैशांत तिथं बसू देतात, तरी पोरं मागंच जातात. आणि जुनं आहे म्हणून टिकतं, असंही नाही. त्याच काळातले कितीतरी गेम मी स्वतः उडवलेत. गाड्यांच्या शर्यती होत्या, एकट्यानं फिरून राक्षस मारायचे गेम होते, आणि ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. जुन्यातलं जे उरलं तेवढंच आपल्याला दिसतं आणि मग आपण म्हणतो, पूर्वीचे गेम भारी होते.

मग मी सरळ मागच्या रांगेच्या पाठीशी स्टूल टाकून बसायला लागलो.

काउंटरचा, म्हणजे काउंटर-स्ट्राइकचा, जन्मच कंपनीबाहेरचा. 1999 मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 'हाफ-लाइफ' या तयार गेमवर बसवलेला हा मॉड, म्हणजे हौशी लोकांनी फेरफार करून काढलेला गेम. तो इतका चालला की वाल्व्ह कंपनीनं तो आपल्याकडं घेऊन 2000 मध्ये बाजारात आणला. पोरांचा जीव की प्राण असलेला 'डस्ट टू' हा मॅप, म्हणजे गेममधलं मैदान, 2001 चा. नियम सांगायला एक मिनिट पुरतं. दोन गट, एकानं बॉम्ब लावायचा, दुसऱ्यानं लावू द्यायचा नाही किंवा लावलेला निकामी करायचा. मेलास की फेरी संपेपर्यंत गप बसायचं.

त्याच्या आत पैशांचं गणित आहे, आणि खरी मजा तिथं आहे. पहिल्या फेरीला प्रत्येकाच्या खिशात 800 डॉलर असतात. एके-47 ला 2500 लागतात, लांबून टिपायच्या एडब्ल्यूपीला 4750. जिंकलं की जास्त मिळतात, हरलं तरी थोडे मिळतात, आणि कितीही साठवले तरी 16000 च्या वर जात नाहीत. म्हणजे प्रत्येक फेरीच्या आधी काही सेकंदांत ठरवायचं असतं, की आत्ता सगळे उडवायचे की ही फेरी सोडून पुढच्या फेरीला जोर लावायचा. मी बघितलेली एक फेरी सांगतो. एक पोरगं ओरडत होतं, "कोण काय घेऊ नका रं, पुढच्याला घेऊ." शेजारच्यानं गुपचूप 650 चं डेझर्ट ईगल घेतलं, एकटाच टनेलमधून घुसला आणि दोघांना पाडून मेला. पुढच्या फेरीत सगळ्यांकडं एके आणि ह्याच्याकडं साधं पिस्तूल. त्यावरून पाच मिनिटं कचाकचा भांडण. भांडणारे दोघंही आपापल्या परीनं बरोबर होते, आणि म्हणूनच ते भांडण गेली वीस वर्षं मिटलेलं नाही.

माझ्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट मेलेल्या पोरांची. मेलेला पोरगा खुर्ची मागं सरकवतो आणि शेजाऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकं घालतो. त्याला दुसरं कामच नसतं. तो बघतो की 'लाँग' म्हणतात त्या लांब वाटेवर कोण कसा उभा आहे, 'मिड'च्या म्हणजे मधल्या दारातून कोण किती वेळानं डोकावतो. बऱ्याच नव्या गेममध्ये मेल्यावर लगेच परत उभं करतात, पोराला कंटाळा यायला नको म्हणून. पण तो बिनकामाचा अर्धा मिनिटच त्याची शाळा असते. हरलेल्याला आपण का हरलो हे कळलेलं असतं. 'लाँगला बघितलंच नाही, उगंच पळालो.' दोष गेमचा नाही, नेटचा नाही, समोरच्यानं महागडी तलवार विकत घेतली म्हणूनही नाही. दोष आपला, आणि तो पुढच्या फेरीला दुरुस्त होण्याजोगा. पोरगं उठत नाही ते यामुळं.

डस्ट टूमध्ये नवं काहीच नाही. भिंतीवरचा डाग न् डाग पोरांना पाठ आहे. पण मॅप पाठ झाला की मॅपशी खेळणं संपतं आणि समोरच्या माणसाशी खेळणं सुरू होतं. गेमच्या डब्यात भरलेला माल कधी ना कधी संपतो. समोरच्या खुर्चीवरचा पोरगा आज हरला तर उद्या काहीतरी नवीन शिकून येतो, त्याला संपवणं अवघड. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथं आहे, बाकीच्या गोष्टी या एका गोष्टीच्या आधारानं उभ्या आहेत.

पुढच्या रांगेतले दोन गेम मी मुद्दाम तपासले. एक सुंदर कथेचा होता, अण्णांनी सगळ्यात जास्त पैसे त्याच्यावर घातले होते. पोरांनी तो आठवड्यात संपवला, शेवट बघून दोघंतिघं गप्प झाले, आणि परत कुणी उघडला नाही. याला मी अपयश म्हणणार नाही. चांगली कादंबरी आपण एकदाच वाचतो आणि ती वाईट ठरत नाही. पण तासावर पैसे घेणाऱ्या माणसानं ती विकत घ्यावी का, हा वेगळा हिशेब झाला.

दुसरा होता रोज हजेरी मागणारा. रोज उघडलं की बक्षीस, सात दिवस उघडलं की मोठं बक्षीस, हंगाम संपला की सगळं परत शून्यापासून. मोबाईलवरच्या बऱ्याच गेमची हीच तऱ्हा. पोरगं खेळायला म्हणून बसतं आणि यादीतली कामं उरकतं. 'आज एवढ्या पेट्या उघडायच्या राहिल्या' असं म्हणताना त्याचं तोंड बघा, बिनपगारी नोकरीला निघाल्यासारखं असतं. असले गेम सवयीनं टिकतात, पण एकदा चार दिवस खाडा झाला, परीक्षा आली, गावाला जत्रा आली, की सुटले ते सुटले. काउंटर वर्षभरानं उघडला तरी कुणी हजेरी विचारत नाही.

गेम कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे नेटपलीकडच्या मशीनवर, अवलंबून असला की काय होतं, हे मात्र आम्हाला 2019 च्या महापुरानं शिकवलं. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर धोक्याच्या 43 फुटांच्या कितीतरी वर गेलं, हायवे बंद पडला, शहर चारी बाजूंनी अडकलं. राजारामपुरी उंचावर असल्यानं आमच्याकडं पाणी आलं नाही, पण नेट गेलं ते लवकर आलंच नाही. पुढच्या रांगेतले अर्धे गेम लॉगिनच मागत बसले. घरचे पैसे देऊन घेतलेला गेम, आपल्याच मशीनवर, आणि तो उघडायला सातासमुद्रापारची परवानगी! दिवसभर मदतीच्या कामाला गेलेली पोरं रात्री दमून यायची, तेव्हा चालत होतं ते फक्त मागच्या रांगेतलं. मशीन एकमेकांना जोडणारा एक स्विच, चार वायरी आणि लॅन, म्हणजे नेटशिवाय चालणारं खोलीतल्या खोलीतलं जाळं. अण्णांनी त्या दिवसांत कुणाकडून पैसे घेतले नाहीत, हे जाता जाता सांगतो, कारण ते स्वतः सांगणार नाहीत.

मोठ्या प्रमाणावर हेच पब्जीचं झालं. 2018 मध्ये मोबाईलवर आलं, घराघरात शिरलं, आणि 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं बंदी घातली. पुढं बीजीएमआय म्हणून जुलै 2021 मध्ये परत आलं, 2022 च्या जुलैत ॲप स्टोअरवरून गेलं, 2023 च्या मे महिन्यात पुन्हा आलं. दर वेळी पोरांचा गट फुटायचा आणि दर वेळी थोडी कमी पोरं परत यायची. आणखी टोकाचं उदाहरण हवं असेल तर सोनीचा 'कॉन्कॉर्ड' बघा. 23 ऑगस्ट 2024 ला बाजारात, 6 सप्टेंबरला बंद, पैसे परत. ग्राफिक्समध्ये खोट काढायला जागा नव्हती. पण खेळायला समोर माणूसच नव्हता, आणि सर्व्हर बंद केल्यावर तो गेम कुठल्या लॅनवर बसवायचीही सोय उरली नाही.

याच्या उलट, माणसं आली की पडून असलेला गेमही उठतो. 'अमंग अस' 2018 चा, त्याला विचारत कुणी नव्हतं. 2020 मध्ये सगळे घरात कोंडले गेले आणि तो जगभर गाजला.

आता सोफ्याकडं येतो, कारण तिथलं प्रकरण कोल्हापूरचं म्हणून खास आहे. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर जे चालतं तेच रात्री सोफ्यावर चालतं. पोरांनी पीईएस या कोनामी कंपनीच्या जुन्या फुटबॉल गेममध्ये, संघ बदलता येतात त्या एडिट मोडमध्ये जाऊन, युरोपातले क्लब पुसून टाकले आणि तिथं पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल असे आपल्या तालमींचे संघ बसवले. एका पोरानं अख्खी दुपार एका जर्सीवर घालवलेली मी पाहिलीय. मोबाईलवर सामन्याचा फोटो उघडून रंगाची पट्टी एकेक घर सरकवत होता. त्याच्या मागं उभे राहून दोघं सांगत होते, "जरा गडद कर. अजून. बास, बास." मग खेळाडूंचे गुण भरताना भांडण. तुमच्या गोलकीपरला एवढे कसे, तो मागच्या सामन्यात कसा सुटला बघितलं नाही का. आता सांगा, ज्या गेममध्ये स्वतःच्या पेठेचा संघ स्वतःच्या हातानं बसवलाय, तो सोडून पोरं नवा का घेतील? कोनामीनं पुढं पीईएसचं नाव बदलून ईफुटबॉल केलं, सप्टेंबर 2021 मध्ये तो आला तेव्हा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर लोकांनी त्याला फाडून खाल्लं. आमच्या सोफ्यावर त्याची चर्चासुद्धा झाली नाही.

क्रिकेट 07 चं तसंच. 2006 च्या नोव्हेंबरमधला गेम, ईए स्पोर्ट्सनं त्यानंतर क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. आयपीएल सुरू झाली 2008 मध्ये, म्हणजे या गेमला आयपीएल माहीतच नाही. तरी आमच्या मशीनवर त्यात चेन्नई-मुंबई सामना होतो, कारण जगभरातले हौशी लोक दरवर्षी नवे संघ, नवे कपडे, नव्या बॅटींचे पॅच काढत राहिले. कॉमेंटरी मात्र अजून रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचीच.

हा गेम तसा पोकळ आहे, हे मान्य करू. ठरावीक चेंडूला ठरावीक फटका मारला की चौकार ठरलेला. पण पोरांनी घरचे नियम लावलेत: पुढं येऊन एका षटकात एकदाच मारायचं, तोच फटका लागोपाठ नाही. गल्लीत काचा फुटू नयेत म्हणून आपण 'भिंतीला थेट लागला तर आऊट' ठरवायचो, तसंच हे. गेममध्ये भोक होतं, ते खेळणाऱ्यांनी बुजवलं. नव्या गेममध्ये असं भोक सापडलं की पोरं कंपनीच्या अपडेटची वाट बघत बसतात आणि वाट बघता बघता सोडून देतात. ते गेम त्यांना आपले वाटतच नाहीत.

व्हाइस सिटीनं माझ्या कथेच्या गेमच्या सिद्धांताला थोडा धक्का दिला. 2002 चा, कथेचाच गेम, एकट्यानं खेळायचा. मग तो का टिकला? तर कथा कुणी खेळतच नाही. पोरं 'पँझर' हा चीट कोड, म्हणजे गुपित शब्द, टाइप करून रणगाडा उतरवतात, पोलीस मागं लावून घेतात आणि शेजारचा किती वेळ तगतो यावर पैज लावतात. कंपनीनं कथा विकली, पोरांनी शहर घेतलं.

एज ऑफ एम्पायर्स 2 बद्दल थोडक्यात. तो खेळायला रविवारी रात्री नोकरदार मंडळी येतात. 1999 चा गेम. बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ 2009 मध्ये बंद पडला, तरी 2013 आणि 2019 मध्ये नव्या रूपात आला, 2022 मध्ये त्यात भारतातल्या राजवटींची भर पडली. समोरच्याचा किल्ला पडला की चॅटमध्ये 11 टाइप करायचं, मग सगळ्या हेडफोनमधून तो ओळखीचा खदाखदा हसण्याचा आवाज येतो. चाळिशीतली, बँकेत मॅनेजर असलेली माणसं त्या हसण्यावर पेटून उठताना मी बघितलीत.

एवढं बघून मी अण्णांना सांगितलं की दिवाळीला गेम घेऊ नका. त्या पैशांत मागच्या रांगेला चांगले माउस, हेडफोन आणि नवा स्विच घेतला. जुन्या हेडफोनमध्ये पावलांचा आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून ते कळायचं नाही, आणि काउंटरमध्ये अर्धा खेळ कानानं असतो. खुर्च्या एकाच भिंतीला तोंड करून होत्या, त्या समोरासमोर केल्या. शनिवारी रात्री गट पाडून सामने सुरू केले. शनिवारी आता मागच्या रांगेसाठी थांबावं लागतं आणि पोरं जिन्यात बसून वाट बघतात. पूर्वी ती दुसऱ्या कॅफेत जायची. सगळंच जमलं असं नाही. अण्णांनी उत्साहाच्या भरात अजून काही जुने गेम टाकायला लावले, त्यातला एकही चालला नाही.

पुढच्या रांगेतही एक नवा गेम टिकला: व्हॅलोरंट, 2020 चा. मी आधी नाक मुरडलं, पण जवळून बघितल्यावर ओळख पटली. पाचपाचचे दोन गट, बॉम्ब लावायचा किंवा अडवायचा, मेलास की फेरीभर गप, आणि पहिल्या फेरीला प्रत्येकाच्या खिशात 800. आकडासुद्धा काउंटरचाच. दोन फरक आहेत. हा गेम कंपनीच्या सर्व्हरवाचून उघडत नाही, आणि पोरं हेडफोन लावून शेजाऱ्याऐवजी दुसऱ्या शहरातल्या कुणाशी तरी भांडत असतात. पुढच्या महापुरात त्याचं काय होणार, ते उघड आहे.

या सगळ्यात न बसणारी एक गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. अण्णांच्या घरात सगळ्यात जास्त वर्षं एकच गेम खेळणारी व्यक्ती म्हणजे वहिनी. कँडी क्रश. 2012 पासून चालू असलेला गेम. ना समोर माणूस, ना घरचे नियम, ना लॅन. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत त्या एक-दोन लेव्हल खेळतात. पाच जीव असतात, गेलेला एकेक जीव अर्ध्या तासानं परत मिळतो. जीव संपले की इचलकरंजीची बहीण पाठवते, आणि बहिणीचे संपले की ह्या पाठवतात. तेवढ्यापुरता मी म्हणू शकतो की इथंही पलीकडं माणूस आहेच. पण वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "अहो भाऊजी, तेवढीच दहा मिनिटं कोण हाक मारत नाही." हरण्या-जिंकण्याशी त्याचा संबंध नाही. माझा तर्क पोरांच्या खोलीत बसून काढलेला आहे, आणि त्या खोलीत मुली जवळपास येतच नाहीत. तो सगळ्यांना लागू करायचा हट्ट मी धरणार नाही.

सध्या अडचण वेगळीच आहे. मागच्या रांगेतल्या जुन्या मशीनचे मदरबोर्ड एकेक करून जायला लागलेत आणि सुटे भाग मिळत नाहीत. अण्णा म्हणतात, पुढची रांग मागं सरकवू. मी म्हणतोय की वापरलेली कंपनी मशीन घ्या, साधी, ग्राफिक्स कार्ड नसलेली. 1.6 ला तेवढं पुरतं, आणि उरलेल्या पैशांत सोफा बदलू.